विधिमंडळाचें दप्तर आणि मराठवाडा

मराठवाड्यांतील एखादा शेतकरी जमिनीचा वाद घेऊन वकिलाकडे गेला, म्हणजे त्याच्या कानावर एक नांव हटकून पडतें, आणि तें म्हणजे हैदराबादचें. प्रश्न कुळाचा असेल तर ‘हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५०’ पुढें येतो. इनामी जमिनीचा असेल तर इनामें व रोख अनुदानें रद्द करणारा हैदराबादचा १९५४ चा कायदा काढावा लागतो. ज्या राज्याचें नांव या कायद्यांना चिकटलेलें आहे, तें राज्य ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं नकाशावरून नाहींसें झालें. राज्य गेलें, पण त्याचे कायदे मात्र छत्रपति संभाजीनगरापासून, म्हणजे जुन्या औरंगाबादेपासून, नांदेडपर्यंतच्या काळ्या जमिनीवर अद्याप अंमल करीत आहेत.

आतां समजा, या शेतकऱ्याच्या मुलानें विचारलें कीं, “हें कलम कायद्यांत आलें कसें? तें मांडणारा काय म्हणाला, विरोध करणारा काय म्हणाला, आणि आमच्या तालुक्याचा प्रतिनिधि त्या दिवशीं बोलला कीं गप्प बसला?” प्रश्न साधा आहे. लोकशाहींत तो कोणालाहि विचारतां आला पाहिजे; आणि त्याचें उत्तर बहुधा कोठेंतरी छापूनहि ठेवलेलें असतें. परंतु ज्या दप्तरांत तें उत्तर आहे, तेथपर्यंत हा मुलगा पोंचत नाहीं. त्या दप्तराला कुलूप लावलेलें नाहीं. वाट अडते ती भाषेमुळें, लिपीमुळें, कालगणनेमुळें आणि कागदांच्या ढिगामुळें. या चार अडसरांचा इतिहास काय, आणि ते दूर करण्यासाठीं अलीकडे जी कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगांत येऊं लागली आहे तिच्यावर भरंवसा कितपत ठेवावा, या दोन गोष्टींविषयीं आज आपल्याशीं बोलावयाचें आहे.

प्रथम निजामी अमदानीकडे वळूं. त्या काळीं कायदे होत, पण ते लोकांसमोर होत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संस्थानचा कारभार आधीं फार्सींत व मग १८८४ च्या सुमारापासून उर्दूंत चालूं लागला. रयतेपैकीं बहुसंख्य लोक तेलुगु, मराठी किंवा कानडी बोलणारे. १८९३ सालच्या ‘कानूनचा-ए-मुबारक’नें राज्यकारभाराची नवी घडी बसविली आणि कायदे करण्यासाठीं एक मंडळ अस्तित्वांत आलें, परंतु त्यांतील बहुतेक सभासद नेमलेले असत, सामान्य रयतेनें निवडलेले नसत. कायदा तयार झाला कीं सरकारी जरीद्यांत उर्दूंतून प्रसिद्ध होई, आणि त्यावर साल घातलेलें असे तें फसली. हैदराबादचा जमीन महसुलाचा कायदा ‘१३१७ फसली’चा म्हणून ओळखला जातो, इसवी सनाच्या हिशेबानें तें साल १९०७ च्या सुमाराचें. हा कायदा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही अंमलांत येईपर्यंत मराठवाड्यांत चालू होता. म्हणजे ज्या कायद्यानें मराठवाड्यांतील शेतकऱ्याचा सारा ठरला, तो त्याच्या भाषेंत नव्हता, त्याच्या लिपींत नव्हता, आणि त्यावर सभागृहांत त्याच्या वतीनें कोणी बोललाहि नव्हता.

पुढें १९३७ सालीं दिवाण बहादुर अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालीं सुधारणांचा विचार करण्यासाठीं समिति नेमली गेली व १९३९ सालीं सुधारणा जाहीर झाल्या. त्यांत प्रतिनिधित्व प्रदेशवार न ठेवतां धंद्यावार ठेवण्याची कल्पना होती. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणाऱ्या स्टेट काँग्रेसला तें मान्य होणें शक्यच नव्हतें. १९४६ च्या निवडणुकांवर तिनें बहिष्कार घातला. स्वामी रामानंद तीर्थ व औरंगाबादचे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनीं जो लढा चालविला, त्याचें स्मरण आपण दरवर्षीं ता. १७ सप्टेंबरला करतों. त्या लढ्याची एक बाजू थोडी विसरली जाते, ती अशी कीं, तो लढा राज्य कोणाचें यासाठीं होता, तसाच तो कायदा कोणासमोर व्हावा यासाठींहि होता.

परंतु १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान मुक्त झालें म्हणून लगेच लोकांचें सभागृह भरलें असें नव्हे. आधीं लष्करी कारभार आला. जहागिरी रद्द करण्याचें फार मोठें पाऊल १९४९ च्या ऑगस्टमध्यें पडलें, तें एका विनियमानें. आणि त्यावरहि साल आहे तें १३५८ फसली. कूळकायदा झाला १९५० सालीं, तोहि निवडलेल्या सभागृहाविना. इतिहासाच्या अभ्यासकानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण या दोन मोठ्या कायद्यांवर मूळ वेळीं निवडलेल्या सभागृहांत चर्चा झालेलीच नाहीं. ती शोधूं म्हटलें तरी सांपडणार नाहीं. आणि कोणी “ही पहा” म्हणून काढून दाखविलीच, तर दाखविणाऱ्याविषयीं संशय घ्यावा. या मुद्द्याकडे मी पुढें पुन्हां येणार आहें.

पहिलें निवडलेलें सभागृह आलें १९५२ सालीं. १७५ सभासद, मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव, सभापति काशीनाथराव वैद्य, गृहमंत्री दिगंबरराव बिंदु. विरोधी पक्षाचे नेते व्ही. डी. देशपांडे हे मराठी भाषिक, पण निवडून आले होते तेलंगणांतून. या सभागृहाचें वैशिष्ट्य असें कीं, तेथें एकाच दिवशीं उर्दू, मराठी, तेलुगु, कानडी आणि इंग्रजी अशा पांच भाषा कानीं पडत. कामकाजाचे छापील खंड चाळतांना तें वैशिष्ट्य डोळ्यांना दिसतें. एका सभासदाचें भाषण उजवीकडून डावीकडे चाललेलें, तर दुसऱ्याचें डावीकडून उजवीकडे. मध्येंच इंग्रजी उपसूचना, आणि पान उलटावें तों तेलुगु. १९५४ सालीं कूळकायद्यांत मोठी दुरुस्ती झाली व संरक्षित कुळांना मालकी देण्याची तरतूद तींत आली. इनामें रद्द करण्याचा कायदाहि याच सभागृहाचा. म्हणजे ज्या चर्चेंत मराठवाड्याच्या शेतकऱ्याला खरा रस, ती या पांच भाषांच्या खंडांत आहे. आज असा वाचक किती, कीं जो त्यांतील तीन लिप्या तरी सहज वाचील?

१९५६ सालीं राज्य विभागलें गेलें. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले व १९६० सालीं महाराष्ट्रांत राहिले. तेव्हांपासून मराठवाड्याच्या दप्तराची विचित्र वांटणी झाली आहे. कायदा जन्मला हैदराबादेंत, त्याच्या दुरुस्त्या झाल्या मुंबईंत व नागपुरांत. एका जमिनीची हकीगत पुरी वाचावयाची तर दोन शहरांतलीं दप्तरें व दोन राज्यांच्या परंपरा धुंडाळाव्या लागतात. दरम्यान पांच जिल्ह्यांचे आठ झाले. जुन्या खंडांत जें गांव औरंगाबाद जिल्ह्यांत आहे, तें आज जालन्यांत सांपडावयाचें.

मुंबईची परंपरा जुनी. १८६१ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेलें कायदेमंडळ ता. २२ जानेवारी १८६२ रोजीं प्रथम भरलें, आणि नेमलेल्या सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. १८९२ च्या कायद्यानें प्रश्न विचारण्याचा व अंदाजपत्रकावर बोलण्याचा मर्यादित हक्क मिळाला. १९०१ सालीं जमीन महसुलाच्या दुरुस्तीचें विधेयक आलें तेव्हां फिरोजशहा मेहता, गोखले व त्यांचे सहकारी निषेध करून सभागृहाबाहेर पडले. हा प्रसंग आपण शाळेंत शिकतों. परंतु तीं भाषणें इंग्रजींत होतीं, वृत्तांतहि इंग्रजींत. ज्या दख्खनी शेतकऱ्याच्या जमिनीबद्दल तो वाद चालला होता, त्याला त्याची वार्ता मराठी वर्तमानपत्रांनीं सांगितली तेवढीच. तेव्हां लोकांची भाषा व दप्तराची भाषा यांतील अंतर हें केवळ निजामी राज्याचें दूषण नव्हतें. इंग्रजी अमलांतहि तें तसेंच होतें.

हें अंतर माणसाच्या श्रमानें कसें तोडतां येतें, याचें एक उत्तम उदाहरण आपल्यासमोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ पासून मुंबई कायदेमंडळांत होते. महार वतनाचें विधेयक, १९३७ चें खोतीविरुद्ध विधेयक, अशीं त्यांचीं कामें त्या वृत्तांतांच्या शेंकडों पानांत विखुरलेलीं होतीं. वसंत मून यांच्या संपादनाखालीं महाराष्ट्र सरकारनें त्यांचे लेख व भाषणें खंडशः काढावयास आरंभ केला, आणि १९८२ सालच्या दुसऱ्या खंडांत मुंबई कायदेमंडळांतील भाषणें एकत्र आलीं. दप्तरांत पडून राहिलेला शब्द त्या दिवसापासून विद्यार्थ्याच्या टेबलावर आला. याच गांवांत १९५० सालीं बाबासाहेबांनीं जें मिलिंद महाविद्यालय स्थापिलें, तेथील मुलगा त्यांचें सभागृहांतलें भाषण आतां मुळांत वाचूं शकतो. पण प्रत्येक सभासदाला वसंत मून कोठून मिळणार? परभणी, बीड, उस्मानाबादकडून निवडून गेलेल्या कितीतरी सभासदांनीं विहिरीसाठीं, शाळेसाठीं, रेल्वेसाठीं केलेलीं भाषणें छापलीं गेलीं व तेथेंच राहिलीं.

या शहराच्या मनाला अगदीं जवळचें असें दुसरें एक उदाहरण घ्या. ता. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यांत काय घडलें, किती घरें जळलीं, किती माणसांना गांव सोडावें लागलें, हें या शहराला सांगावयास नको. नामविस्तार झाला ता. १४ जानेवारी १९९४ रोजीं, म्हणजे सुमारें साडेपंधरा वर्षांनीं. त्या ठरावाबद्दल आजवर बोललें गेलें पुष्कळ. पण त्या दिवशीं सभागृहांत नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, तें मुळांतून वाचलेला माणूस मला क्वचितच भेटला आहे. ज्या प्रश्नावर माणसें मेलीं, त्या प्रश्नाचें मूळ दप्तर वाचण्याची सोय सामान्य माणसाला असूं नये, ही गोष्ट मनाला लागते. ऐकीव शब्दावर माणूस भांडतो. छापील शब्द समोर असला तर निदान तो कशासाठीं भांडतो हें तरी निश्चित होतें.

वृत्तांत प्रसिद्ध करण्याचा हक्क हाहि आपोआप मिळालेला नाहीं. विलायतेंत अठराव्या शतकांत पार्लमेंटचें कामकाज छापणें हा अपराध समजला जाई. १७७१ च्या सुमारास लंडनमध्यें त्यावरून मोठा झगडा झाला, तेव्हां कोठें छापणाऱ्यांचा हात मोकळा झाला. पुढें हॅन्सर्ड या छापखानेवाल्याचें नांवच वृत्तांताला पडलें. आपल्याकडे फिरोज गांधी यांच्या प्रयत्नानें १९५६ सालीं संसदेच्या कामकाजाचें प्रामाणिक वृत्त छापणारास संरक्षण देणारा कायदा झाला. आणीबाणींत १९७६ सालीं तो रद्द झाला, १९७७ सालीं पुन्हां आला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें तें संरक्षण राज्यांच्या विधिमंडळांच्या वृत्तांतालाहि मिळालें. म्हणजे वाचण्याचा हक्क कागदावर पुरा झाला आहे. उरला आहे तो वाचतां येण्याचा प्रश्न.

आतां यंत्राकडे येऊं. महाराष्ट्र विधिमंडळाचे वृत्तांत व हैदराबादच्या सभागृहाचे जुने खंड यांचीं पानें आज संगणकावर पाहतां येतात. परंतु पान दिसणें वेगळें व पान वाचलें जाणें वेगळें. संगणकाच्या दृष्टीनें छापील पानाचें छायाचित्र हें नुसतें चित्रच असतें. त्यांत ‘इनाम’ हा शब्द आहे कीं आंब्याचें झाड, हें त्याला ठाऊक नसतें. म्हणून पहिली पायरी अशी कीं, चित्रांतील अक्षर ओळखून त्याचा मजकूर बनवावयाचा. दुसरी पायरी भाषांतराची. तिसरी पायरी शोधाची, आणि खरी करामत येथें आहे. जुन्या सूचींत तुम्ही ‘इनाम’ शब्द शोधला तर ‘इनाम’च मिळे. पण देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठीं दिलेल्या जमिनीबद्दल एक सभासद ‘खिदमतमाश’ म्हणतो, दुसरा ‘देवस्थान जमीन’ म्हणतो, तिसरा इंग्रजींत ‘सर्व्हिस इनाम’ म्हणतो. नवी यंत्रबुद्धि शब्दाऐवजीं अर्थाच्या जवळिकीनें शोधते; म्हणून शेतकऱ्याच्या मुलानें आपल्या साध्या मराठींत विचारलें तरी हीं तिन्ही भाषणें ती त्याच्यासमोर ठेवूं शकते. चौथी पायरी सारांशाची: शंभर पानांची चर्चा एका पानांत सांगणें.

हें सारें कल्पनेंतलें नाहीं. एस्टोनियाच्या पार्लमेंटांत २०२० सालापासून सभासदांचें बोलणें यंत्र ऐकतें व त्याचा मजकूर करतें, आणि संपादक तो तपासतात. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळांतील भाषणें, मतें व सभासदांना मिळालेल्या देणग्या एकत्र आणून नागरिकांना शोधतां येतील अशी व्यवस्था तेथील ‘कॅलमॅटर्स’ या वृत्तसंस्थेनें २०२४ सालीं सुरू केली. आपल्या देशांत ‘भाषिणी’ ही भाषांतराची सरकारी योजना २०२२ सालीं सुरू झाली; आणि ता. १८ मार्च २०२५ रोजीं लोकसभा सचिवालयानें ‘संसद भाषिणी’साठीं करार केला, त्यांत जुन्या चर्चांचें भाषांतर व बोललेल्या शब्दाचा मजकूर करणें यांचा समावेश आहे. दिल्लींत जें सुरू झालें, तें राज्यांच्या दप्तरांसहि लागू करण्यासारखें आहे. आणि पांच भाषांच्या हैदराबादी खंडांइतकी त्याची गरज दुसऱ्या कोणत्या दप्तराला असेल असें वाटत नाहीं.

जुन्या दप्तराची किंमत या शहरानें नुकतीच पाहिली आहे. २०२३ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली व मराठवाड्यांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुलाचीं, शाळांचीं, तुरुंगांचीं जुनीं दप्तरें निघालीं, आणि तेव्हां सर्वांच्या ध्यानांत आलें कीं, मोडी व जुनी उर्दू वाचणारीं माणसें किती थोडीं उरलीं आहेत. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूंत मी शिरत नाहीं. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, धूळ बसलेल्या कागदांतील एका ओळीवर घराघराचें भवितव्य लटकलेलें असूं शकतें. आणि ती ओळ वाचणारा जर चुकला, तर चूक कागदापुरती राहात नाहीं.

म्हणूनच यंत्राचे दोष स्पष्ट सांगितले पाहिजेत. पहिला दोष अज्ञानाचा, आणि तो सुधारण्यासारखा आहे. जहागिरी रद्द करणाऱ्या विनियमावरचें १३५८ हें साल फसली आहे, हें यंत्राला कोणीं शिकविलें नाहीं तर तें सरळ त्याला इसवी सन समजेल, आणि जहागिरदारी नष्ट झाल्याची हकीगत बहामनी अमदानींत नेऊन ठेवील. उर्दूंत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत. त्यामुळें गांवाचें नांव ओळखावयास गांव आधीं माहीत असावें लागतें. जुन्या मराठी छपाईंतील अनुस्वारांची दाटीहि यंत्राला घोटाळ्यांत पाडते. ‘नाहीं’ हा एक शब्द वाचतांना निसटला तर विधेयकाला विरोध करणारा सभासद त्याचा पुरस्कर्ता ठरतो, आणि मेलेला मनुष्य उठून खुलासा करूं शकत नाहीं.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. यंत्राला उत्तर सांपडलें नाहीं तरी पुष्कळदां तें उत्तर देतें, आणि तें अशा सफाईनें देतें कीं ऐकणारास शंका येऊं नये. मघाशीं मीं सांगितलें कीं, १९५० च्या मूळ कूळकायद्यावर निवडलेल्या सभागृहाची चर्चाच नाहीं. यंत्राला जर कोणीं विचारलें कीं, “त्या वेळीं औरंगाबादच्या आमदारानें काय म्हटलें?”, तर प्रामाणिक उत्तर असें कीं, “तेव्हां आमदारच नव्हता.” पण भरतीचीं वाक्यें जुळविण्यांत तरबेज असलेलें यंत्र एखादें छान भाषण रचून त्याच्या तोंडीं घालण्याचा संभव आहे. आपल्याकडील भाटांनींहि पूर्वजांच्या तोंडीं भाषणें घातलीं. पण भाटाचें कवित्व कोणीं कचेरींत पुरावा म्हणून नेलें नाहीं. यंत्राचें उत्तर तसें नेलें जाईल, ही भीति खरी आहे.

तिसरी अडचण कायद्याची आहे. सभागृहांत उच्चारलेले कांहीं शब्द सभापति कामकाजांतून काढून टाकतात. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ पत्रानें असे वगळलेले शब्द छापले. त्यावरून झालेल्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें १९५८ सालीं सभागृहाच्या विशेषाधिकाराच्या बाजूनें निकाल दिला. आतां जें यंत्र ध्वनिमुद्रणावरून थेट मजकूर बनवितें, त्याच्या कानावर वगळलेला शब्दहि पडतोच. अधिकृत वृत्तांत कोणता व यंत्रानें ऐकलेला कोणता, हें प्रत्येक पानावर स्पष्ट लिहिलेलें नसेल, तर नागरिक फसेल व छापणारा गोत्यांत येईल.

मग करावें काय? यंत्र नको म्हणून दार लावून घेणें हा उपाय नव्हे. तसें केलें तर दप्तर आज जसें मूठभर अभ्यासकांचें आहे तसेंच राहील, आणि मराठवाड्याचा अनुशेष, पाणी, रस्ते यांविषयीं मंत्र्यांनीं वर्षानुवर्षें दिलेलीं आश्वासनें कोणाच्याहि हिशेबांत धरलीं जाणार नाहींत. १९८४ सालीं दांडेकर समितीनें विभागवार अनुशेष मोजला. १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळें आलीं व २०२० सालीं त्यांची मुदत संपली. या साऱ्या काळांत सभागृहांत काय सांगितलें गेलें व पुढें काय झालें, याचा ताळा एखाद्या शाळामास्तराला किंवा गृहिणीला घरीं बसून घेतां आला, तर प्रतिनिधीला विचारावयाचा प्रश्न अधिक नेमका होईल. हा लाभ लहान नव्हे.

परंतु दोन पथ्यें पाळलीं पाहिजेत. पहिलें असें कीं, यंत्रानें प्रत्येक वाक्यामागें खंड, तारीख व पान दाखवावें, आणि मूळ पानाचें चित्र शेजारीं ठेवावें. ज्याला पान नाहीं त्याला उत्तर नाहीं, असा नियम असावा. सारांश हा दप्तराची वाट दाखविणारा वाटाड्या आहे. तो दप्तराच्या जागीं बसला तर आपण पुन्हां ऐकीव शब्दावर आलों. दुसरें पथ्य यंत्राच्या शिक्षणाचें. फसली सालांची गणना, खासरा पाहणी पत्रकांतले रकाने, मदतमाश व मक्ता यांतला फरक, उर्दू वळणाचीं गांवांचीं नांवें, हें ज्ञान ग्रंथांत थोडें व माणसांत अधिक आहे. १९४८ पूर्वीं उर्दू शाळेंत शिकलेलीं तीं माणसें आज नव्वदीच्या घरांत आहेत. जुने कारकून, जुने वकील, जुने शिक्षक. कोणी खडकेश्वराकडे राहतो, कोणी शहागंजांत, कोणी पैठणच्या वाटेवरच्या गांवांत.

दप्तराचे कागद आणखी पन्नास वर्षें टिकतील. छायाचित्रें तर त्याहूनहि अधिक टिकतील. हीं माणसें तितकीं टिकणार नाहींत. यंत्राला उद्यां कितीहि वेग आला तरी तें शिकणार कोणाकडून, हा प्रश्न आजचा आहे. तेव्हां ज्या घरीं असे आजोबा आहेत, त्या घरच्या मुलानें या रविवारीं जुन्या पेटींतला एखादा उर्दू कागद त्यांच्यापुढें ठेवावा, ते वाचतील तसें लिहून घ्यावें, आणि फसली सालासमोर इसवी साल मांडावें. विधिमंडळाच्या दप्तराचें मोठें काम सरकारनें व विद्यापीठानें करावयाचें आहे. पण त्याची बाराखडी घराघरांत आहे, आणि ती उतरवून घेण्यास कोणाच्या परवानगीची जरूर नाहीं. एवढें सुचवून आपली रजा घेतों.